लेक म्हणते, बीजिंगलाच जाणार

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही सोलापूरचे. धाकटी लेक यंदा कला शाखेतून बारावी झाली. अकरावीपासून ती ऑनलाइन चिनी शिकतेय. एचएसके नावाच्या परीक्षेची तिसरी पातळी तिने काढली आहे. आता हट्ट धरून बसलीय की शिकेन तर बीजिंग फॉरेन स्टडीज युनिव्हर्सिटीतच. म्हणते, चीनचे राजदूत तिथूनच तयार होतात. तिच्या बाबांचं म्हणणं, नुसत्या भाषेने पोट भरतं का? सासऱ्यांनी तर एका वाक्यात विषय संपवला : "आपल्या गावचे कोटणीस गेले होते, परत आले का?" त्यात एक एजंट भेटला. तो म्हणतो, बीजिंगच्या फॉरेन लँग्वेज युनिव्हर्सिटीत हमखास प्रवेश करून देतो, आधी पन्नास हजार भरा. मला यातलं काहीच कळत नाही. हे विद्यापीठ आहे तरी काय? पाठवू का तिला?

— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी ते पन्नास हजार. भरले नसतील तर भरू नका, भरले असतील तर पावती मागा. एजंटाने विद्यापीठाचं पूर्ण नाव घेतलेलं नाही आणि गोम तिथेच आहे. बीजिंगमध्ये आपल्या कानाला एकसारखी वाटणारी निदान चार विद्यापीठं आहेत. तुमच्या लेकीला हवं आहे ते बीजिंग फॉरेन स्टडीज युनिव्हर्सिटी. चिनी लोक त्याला लाडाने 'बेइवाय' म्हणतात. 'बेइ' हे बीजिंगमधलं आणि 'वाय' म्हणजे बाहेरचं, परदेशी. दुसरं बीजिंग इंटरनॅशनल स्टडीज युनिव्हर्सिटी, टोपणनाव 'एरवाय', म्हणजे 'दुसरं वाय'. ते १९६४ साली निघालं आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी जपानी शिकले ते तिथे. तिसरं चायना फॉरेन अफेअर्स युनिव्हर्सिटी. चौथं बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी, त्याच्याकडे मी नंतर येते, कारण तुमच्या लेकीच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं तेच असू शकतं. एजंटाला विचारा, यातलं कोणतं? चारही नावं त्याला चिनीत लिहून दाखवता आली तर मी माझे शब्द मागे घेईन.

अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर थेट करता येतो. त्यासाठी मधल्या माणसाची गरज नसते.

आता तुमचा खरा प्रश्न, हे विद्यापीठ आहे तरी काय. थोडं मागे जाऊन सांगते, कारण एखादी संस्था कोणाच्या गरजेतून जन्मली हे कळलं की ती आपल्याला काय देईल आणि काय देणार नाही याचा अंदाज येतो.

साल १९४१. चीनचा मोठा भाग जपानच्या ताब्यात. कम्युनिस्टांचा तळ येनानला, वायव्येकडच्या पिवळ्या मातीच्या डोंगरांत. लोक राहत ते त्याच मातीत खोदलेल्या गुहांमध्ये. तिथे त्यांचं एक लष्करी-राजकीय विद्यापीठ होतं. त्याच्या तिसऱ्या शाखेत रशियन शिकणारी एक तुकडी उभी राहिली. लष्कराला रशियन जाणणारे दुभाषी हवे होते, एवढंच. बेइवाय आपला जन्म या तुकडीपासून धरतं. म्हणजे त्याची सुरुवात साहित्याच्या प्रेमातून नाही की कोणा दानशूराच्या देणगीतून नाही. ती थेट लष्कराच्या गरजेतून झाली. १९४४ साली अमेरिकी लष्कराचं एक निरीक्षक पथक येनानला येऊन राहिलं. त्याच वर्षी ती शाळा 'येनान परदेशी भाषा विद्यालय' झाली आणि तिथे इंग्रजी सुरू झालं. दारात पाहुणा आला की त्याची भाषा शिकायची, हा त्या शाळेचा खाक्या पुढे ऐंशी वर्षं टिकला.

१९४८ साली शाळा हेबेई प्रांतात, शिजियाझुआंगजवळच्या नानहायशान नावाच्या खेड्यात आली. तिथे एक जोडपं शिकवायला लागलं, डेव्हिड आणि इझाबेल क्रूक. तो ब्रिटिश, स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला. ती कॅनडाची, पण जन्म चीनमधलाच, छेंगदूचा, मिशनरी आईवडिलांच्या घरचा. दोघं एका चिनी खेड्याचा अभ्यास करायला आले होते, ते इंग्रजी शिकवायला म्हणून राहिले आणि कायमचेच राहिले. १९४९ साली नवं सरकार आलं तशी शाळाही राजधानीत गेली. १९५४ साली नाव झालं बीजिंग परदेशी भाषा संस्था. १९५९ साली बीजिंगची रशियन संस्था तिच्यात विलीन झाली. बराच काळ तिचा कारभार परराष्ट्र मंत्रालयाकडे होता, शिक्षण खात्याकडे नव्हता. 'युनिव्हर्सिटी' हे नाव १९९४चं.

मधली वर्षं वाईट गेली. १९६६ साली माओंनी सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत वर्ग बंद पडले. पुढे सगळी संस्थाच उचलून हुबेई प्रांतातल्या शायांगला नेली, शेतात राबायला. चीनसाठी आयुष्य वेचलेल्या डेव्हिड क्रूकला हेर ठरवून पाच वर्षांहून जास्त तुरुंगात डांबलं. इझाबेललाही कॅम्पसमध्येच स्थानबद्ध ठेवलं. सुटल्यावर ते दोघं कुठे गेले असतील? परत त्याच कॅम्पसवर शिकवायला. डेव्हिड २००० साली गेला. इझाबेल २०२३ साली, वयाच्या १०७व्या वर्षी. माझ्या डोक्यात बेइवाय म्हटलं की आधी ही बाई येते, राजदूत मागाहून.

पण राजदूतांची गोष्टही खोटी नाही. विद्यापीठ अभिमानाने सांगतं की त्याचे ४००हून अधिक विद्यार्थी राजदूत झाले आणि २,०००हून अधिक दूतावासांमध्ये कौन्सेलर या राजदूताखालच्या हुद्द्याला पोचले. मात्र मला आकड्यांपेक्षा एक खोली जास्त सांगून जाते. फेब्रुवारी १९७२, माओंची अभ्यासिका, चारी बाजूंना पुस्तकं. समोर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन, शेजारी त्यांचे सल्लागार किसिंजर. दोन्ही बाजूंचं बोलणं भाषांतरित करणारी व्यक्ती एकच, थांग वनशंग, वय तिशीच्या आत. ही याच संस्थेत शिकलेली, आणि जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. अमेरिकनांचा स्वतःचा दुभाषी त्या खोलीत नव्हताच. आपल्या राष्ट्राध्यक्षांचे शब्द चिनीत कसे उमटतायत हे तपासायला त्यांच्याकडे त्या क्षणी कोणी नव्हतं! दुभाष्याच्या खुर्चीत किती ताकद असते हे मला कोणी विचारलं की मी ही खोली सांगते.

चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली १९७१ साली. मग तिथे बसून बोलता बोलता भाषांतर करणारी माणसं हवी झाली, म्हणून १९७९ साली याच संस्थेत संयुक्त राष्ट्रांसाठी दुभाषी घडवणारा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे त्यांची उच्च भाषांतर शाळा उभी राहिली. आज बेइवायकडे १०१ परदेशी भाषा शिकवण्याची मान्यता आहे. हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, सिंहली आहेतच, शिवाय पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या भाषासुद्धा. धोरण असं की ज्या ज्या देशाशी चीनचे राजनैतिक संबंध, त्या त्या देशाची भाषा येणारी माणसं आपल्याकडे हवीत. काही भाषांना दरवर्षी प्रवेशही नसतात, दोन-चार वर्षांतून एकदाच पंधरा-वीस पोरांची तुकडी घेतात. बाजारात मागणी आहे का, हा हिशेब तिथे दुय्यम. उद्या देशाला लागली तर, हा पहिला.

आता मुद्द्यावर येते. वरचं सगळं पुन्हा वाचा आणि बघा, यात शिकणारा कोण आहे? चिनी मुलगा, चिनी मुलगी. ही संस्था चिनी मुलांना बाहेरच्या भाषा शिकवण्यासाठी उभी राहिली. 'वाय', बाहेरचं. तुमच्या लेकीला मात्र चिनी शिकायचं आहे, आणि बेइवायच्या लेखी चिनी ही परदेशी भाषाच नाही. तिने ज्या राजदूतांची गोष्ट ऐकली ते ज्या वर्गांत बसले, त्या वर्गांत ती बसणार नाही. ती जाईल ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या चिनी भाषेच्या विभागात. तो विभाग वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगला आहे. पण चिनी भाषेच्या पदवीला तिच्या शेजारी बसतील कोरियाची, कझाकस्तानची, इटलीची पोरं. चिनी मुलं असतील ती समोरच्या इमारतीत, पोलिश नाहीतर स्वाहिली घोकत.

याउलट ते चौथं विद्यापीठ, बीजिंग लँग्वेज अँड कल्चर, १९६२ साली निघालं तेच मुळी परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवायला. तुमची लेक जी एचएसके देते ना, ती परीक्षा तिथेच तयार झाली, १९८४पासून. आमच्या वेळी भारतातून भाषेसाठी जाणारे बहुतेक तिथेच जायचे. राजदूत घडवणारं असं बिरुद त्याच्यामागे नाही, म्हणून आईवडिलांना सांगायला ते भारदस्त वाटत नाही, एवढंच. लेकीला विचारा, तिने या दोघांची तुलना केली आहे का? की एखादा व्हिडिओ बघून ठरवलंय?

मी स्वतः बीजिंगमध्ये वर्षभर होते, वेगळ्या विद्यापीठात. पण बेइवायच्या कॅम्पसवर आठवड्यातून दोनदा जायचे. कॅम्पस तसा मोठा नाही आणि मधून तिसरा रिंग रोड गेल्यामुळे त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे पडलेत. ग्रंथालयाच्या भिंतीवर 'ग्रंथालय' हा शब्द कितीतरी भाषांमध्ये कोरलेला आहे. मी मान वर करून आपली देवनागरी शोधत उभी राहायचे. मी जायचे ते हिंदी शिकणाऱ्या एका मुलीकडे. तिने मला चिनीत बोलायचं, मी तिला हिंदीत, असा आमचा सौदा. सकाळी सात-साडेसातला बागेत पोरंपोरी झाडाकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचत उभी असत, प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि कुणाला कुणाची लाज नाही. ही बाई तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरून 'क, ख, क, ख' करत असे. ख म्हटल्यावर चिटोरा हलला पाहिजे, क म्हटल्यावर हलता कामा नये. ते तिला पटकन जमलं, कारण चिनीत हा फरक आहेच. अडायची ती 'ग'वर. 'गाना' म्हणायला जायची आणि 'काना' व्हायचं. तीन महिने ती त्या एका ग साठी रोज पंधरा मिनिटं द्यायची. हिंदी का घेतलीस विचारलं तर म्हणाली, मला हवी होती फ्रेंच, मार्क कमी पडले. कुरकुर नाही. मिळालं ते पक्कं करायचं.

तिच्यामुळे मला माझंही काही कळलं, ते तुमच्या लेकीला जरूर सांगा. रोमन लिपीत जे बी दिसतं ते चिनीत आपलं 'ब' नाही, 'प' आहे. बीजिंगचा खरा उच्चार मराठी कानाला 'पेइचिंग'च्या जवळ लागतो. आणि रोमन पी म्हणजे आपला महाप्राण 'फ', ओठ मिटून म्हटलेला जुन्या वळणाचा, 'फॅन'मधला नव्हे. आणखी एक : आपल्याला 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा काढता येतो, हिंदीवाल्यांना तो घोटून शिकावा लागतो. रोमन झेडने लिहिलेला चिनी आवाज हा बराचसा आपल्या 'चाक'मधला च. सोलापूरच्या पोरीच्या कानावर तेलुगू, कन्नडही पडलेली असेल, म्हणजे कान तयारच आहे. इंग्रजीतून चिनी शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात हे कोणी सांगत नाही. तिने मराठीतून ऐकायची सवय केली तर तिचे उच्चार वर्गात उठून दिसतील.

आता तिचे बाबा. नुसत्या भाषेने पोट भरतं का? प्रश्न रास्त आहे. भरतं, पण नुसत्या भाषेने नव्हे. चाकणला सॅनी आहे, रांजणगावला हायर आहे, दोन्ही चिनी कंपन्या, आणि चीनहून यंत्रं, सुटे भाग आणणारे लहान कारखानदार तर पुणे, कोल्हापूर, इचलकरंजी, तुमच्या एमआयडीसीतसुद्धा सापडतील. त्यांना यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरचं बोलणं समजून सांगणारं माणूस लागतं. तिथे चिनी कवितांचा उपयोग नाही. बेअरिंग, गळती, हमीचा काळ, बँकेची पत, हे शब्द लागतात.

आणि आकडे लागतात. दुभाषी म्हणून माझी सुरुवातीची फजिती सांगते. एका कंपनीत, नाव राहू द्या, किंमतीची बोलणी चालली होती. समोरचा म्हणाला, 'सान-शी वान'. मी धडाक्यात म्हणाले, तीस लाख. आमच्या मालकांचा चेहरा उतरला, त्यांनी फाईल मिटली. समोरचा गोंधळला. अहो, 'वान' म्हणजे दहा हजार! तीस वान म्हणजे तीन लाख. आपण हजारानंतर लाख मोजतो, ते दहा हजारांचा गठ्ठा मोजतात. दहा वान म्हणजे एक लाख आणि त्यांचा 'यी' म्हणजे आपले दहा कोटी. मिलियनमध्ये विचार करणाऱ्याची याहून वाईट कोंडी होते, आपल्याला एक शून्य इकडेतिकडे करून भागतं. पण ते शून्य त्या दिवशी माझ्या तोंडातून निसटलं आणि पाच मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. मग मी माझी चूक कबूल केली. चहा आला. त्यानंतर आजपर्यंत मी आकडा कागदावर लिहून दोन्ही बाजूंना दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

बाबांना सांगा, बेइवायनेही हे ओळखलंय. एकेकाळी तिथे फक्त भाषा होत्या. आता कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार, पत्रकारिता असे विषय भाषेला जोडून शिकवतात. भाषा आणि आणखी काहीतरी, असा तो हिशेब आहे. तुमच्या लेकीचं ते 'आणखी काहीतरी' काय असणार, हे घरात बसून ठरवा. बीजिंगचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

सासऱ्यांकडे जरा हळुवारपणे जावं लागेल. सोलापूरच्या माणसाने चीनचं नाव काढल्यावर कोटणीस आठवावेत यात नवल नाही, ती तर मला आवडलेली गोष्ट. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. द्वारकानाथ कोटणीस त्यातले एक, वय अठ्ठावीसच्या आत. त्यांचाही मुक्काम काही काळ येनानला होता, बेइवायची ती पहिली रशियन तुकडी उभी राहायच्या थोडं आधी. मग ते हेबेईकडच्या आघाडीवर गेले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांनी चिनी कुठे शिकली? कोणत्याही विद्यापीठात नाही. जखमी सैनिकांच्या खाटेशी आणि शिकाऊ डॉक्टरांपुढे उभं राहून. पुढे ते व्याख्यानंही चिनीत देत. पत्नी कुओ छिंगलान तिथल्याच. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. ते बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत वडील गेले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे, क्रूक जोडप्याने जिथून शिकवायला सुरुवात केली त्याच परिसरात.

तेव्हा आजोबांचं दुःख खरं आहे. पण हिशेब अर्धा आहे. पाच डॉक्टर गेले, चार परत आले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते. आणि ते युद्ध होतं, वर औषधांची टंचाई आणि झोपेविना शस्त्रक्रिया. तुमची लेक वसतिगृहात राहणार आहे, जिथे खोलीतला हीटर सरकारी तारखेला चालू होतो आणि तक्रार एवढीच असते की तो आठवडाभर आधी का नाही चालू झाला.

अर्थात आजच्या काळाची म्हणून एक भीती आहे आणि ती मी झाकणार नाही. २०२०मध्ये सुट्टीला घरी आलेले हजारो भारतीय विद्यार्थी चीनला परत जाऊ शकले नाहीत. २०२२चा ऑगस्ट उजाडला तेव्हा कुठे विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले. दोन वर्षं पोरांनी घरच्या माळ्यावर बसून चिनी तास केले. थेट विमानं तर ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. साथीचं एक वेळ सोडा, पण दोन देशांचं नातं कधी आंबेल याचा भरवसा नाही. त्यामुळे चार वर्षांची पूर्ण पदवी एकाच टोपलीत, तीही अठराव्या वर्षी आणि तिसऱ्या पातळीच्या चिनीवर, हे माझ्या मनाला पटत नाही.

तिसरी पातळी म्हणजे साधारण सहाशे शब्द. सहाशे शब्दांत भाजी घेता येते, वाट विचारता येते. चिनी माध्यमातून शिकायला सहसा चौथी किंवा पाचवी पातळी मागतात, पाचवीला अडीच हजार शब्द. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : आत्ता पाठवू नका, पण दार लावूही नका. पदवी इथे करू दे. दिल्लीत जेएनयूमध्ये चिनीची बी.ए. आहे, सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. बनारसला आहे. शांतिनिकेतनचं चीना भवन तर १९३७चं, बेइवायपेक्षाही जुनं. दिल्ली लांब वाटत असेल तर ताई, बीजिंग किती लांब वाटेल याचा विचार करा, तीच तुमची रंगीत तालीम. सोबत वाणिज्य म्हणा, कायदा म्हणा, यंत्रांचं ज्ञान म्हणा, काहीतरी जोडू दे. तोवर पाचवी पातळी काढू दे.

मग पाठवा एका वर्षासाठी, शिष्यवृत्तीवर. चिनी सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीत फी माफ, राहणं माफ, वर हातखर्चाला पैसे. पदवीला महिना २,५०० युआन, पदव्युत्तरला ३,०००. अर्ज हिवाळ्यात, सत्र सप्टेंबरला. आणि बेइवायचं वेड तोवर टिकलं तर पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांच्या भाषांतर शाळेचं दार ठोठावू दे. तिथे प्रवेश अवघड आहे. पण तिथे तरी ती चिनी मुलांच्या बरोबरीने त्याच परीक्षेला, दुभाष्यांच्या त्याच बूथमध्ये, कानाला हेडफोन लावून बसेल. तिला जे बेइवाय हवंय ते तिथे आहे. बारावीनंतरच्या दारातून ते दिसतसुद्धा नाही.

मी कडक बोलले असं तिला वाटेल. वाटू दे. ती चिडली तर एक काम द्या. तिला म्हणावं, दोन्ही विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी कचेरीला ईमेल लिही, चिनीत, भाषांतराचं अॅप न वापरता. पदवीच्या वर्गात चिनी विद्यार्थी असतात का, आठवड्याला किती तास, कोणती पातळी लागते आणि फी किती, एवढंच विचार. उत्तर आलं की ते आजोबांसमोर बसून वाचून दाखव, आधी चिनीत, मग मराठीत. फीचा आकडा बहुधा 'वान'मध्ये असेल. तो रुपयांत नीट सांगता आला का, ते मला कळवा.